शब्द कळतो संगतीने

‘पाळी’ या शब्दाचा अर्थ काय, असे कोणी विचारले तर काय सांगाल? उत्तर देण्याआधी, शिरूर आणि दौंड तालुक्यांत कोणाच्याही कानावर सहज पडतील अशा या पाच ओळी वाचा.

रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपच लागत नाही.
आमच्या चारीला पाण्याची पाळी गुरुवारी आहे.
पेरणीआधी कुळवाची एक पाळी दिली.
दोन महिने झाले, पाळी चुकलीय.
शेवटी माफी मागायची पाळी आली.

पहिली ओळ रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराची. दुसरी चासकमानच्या किंवा मुठा उजव्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याची. तिसरीही शेतातलीच. चौथी प्राथमिक आरोग्य केंद्रातली. पाचवी कोणाचीही असू शकते. शब्द एकच, कामे पाच. कुठे कोणता अर्थ घ्यायचा हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. ‘रात्र’, ‘चारी’, ‘कुळव’, ‘चुकली’, ‘माफी’ हे शेजारचे शब्दच तो सांगून जातात. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण बैलांइतकीच शब्दांनाही लागू पडते. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्यावर हाच विचार मांडला होता: शब्द ओळखायचा असेल तर त्याची संगत पाहावी.

अशा ओळी पाचाऐवजी पाचशे असतील, प्रत्यक्ष लिहिलेल्या-बोललेल्या भाषेतून घेतलेल्या असतील आणि संगणकावर एक शब्द टाकताच एकाखाली एक उभ्या राहत असतील, तर त्या साठ्याला ‘कॉर्पस’ म्हणतात. या ओळी वाचून विद्यार्थ्याने भाषेची रीत स्वतः शोधायची, ही शिकण्याची पद्धत टिम जॉन्स यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात रुजवली. त्याच विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला, कॉर्पसवर बेतलेला ‘कोबिल्ड’ हा इंग्रजी शब्दकोश १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज अनेक देशांतल्या विद्यापीठांत ही पद्धत वापरली जाते आणि विद्यार्थ्यांना ती कितपत रुचते यावरही बरेच संशोधन झाले आहे. शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांत ती आणायची म्हटले तर पहिला प्रश्न हाच निघेल: आमच्या मुलांना हे आवडेल का? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपण फार घाईने देतो आणि त्या घाईची किंमत विद्यार्थी मोजतात.

उसना कान

भाषा येणे म्हणजे नेमके काय, याचा एक धागा १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सापडतो. जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटे निरर्थक अक्षरांची एकसलग माळ ऐकवली. मध्ये कुठे थांबा नव्हता, आवाजात चढउतार नव्हता. काही अक्षरे कायम एकमेकांमागे येत आणि काही क्वचित, एवढाच काय तो फरक. तेवढ्यावरून नेहमी जोडीने येणारे तुकडे कोणते आणि इतर कोणते, हे बाळांना ओळखता येऊ लागले. बोलायला न शिकलेल्या मेंदूनेही कोणामागे कोण येते याचा हिशेब ठेवला होता.

हा हिशेब आपण पुढे जन्मभर ठेवतो. ‘चूक केली’ ठीक वाटते आणि ‘चूक बनवली’ खटकते, कारण पहिले आपण हजारदा ऐकलेले असते. आपण त्याला ‘कान’ म्हणतो. मराठीत हा कान शिरूरच्या मुलाला पुण्याच्या मुलाइतकाच, कदाचित जास्तच तयार मिळतो. इंग्रजीत मात्र गाडी अडते. मराठीत चूक ‘करतात’, म्हणून तो ‘डिड अ मिस्टेक’ लिहितो. मराठीत परीक्षा ‘देतात’, म्हणून ‘गेव्ह द एक्झाम’ लिहितो. यात बुद्धीचा दोष नाही, ऐकण्याची संधी कमी पडलेली आहे. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला नियम विचारला तर तोही गडबडेल. पण घरात, मित्रांत, पडद्यावर इतके इंग्रजी त्याच्या कानावरून गेलेले असते की उत्तर आपोआप बरोबर येते. टाकळी हाजीच्या किंवा पाटसच्या मुलीकडे नियमांची वही असते, तो कान नसतो. कॉर्पस हा उसना कान आहे. वीस वर्षांत जे कानावरून गेले नाही, ते निदान एका शब्दापुरते तरी एका तासात डोळ्यांखालून घालता येते.

आरोग्याच्या क्षेत्रात याची किंमत लगेच कळते. फार्मसीला, नर्सिंगला, प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हायला जाणाऱ्या मुलामुलींना पहिल्या वर्षापासून इंग्रजी मजकुराशी झगडावे लागते. केसपेपरवर ‘पेशंट डिनाइज चेस्ट पेन’ असे दिसले की रुग्ण काहीतरी लपवतोय असे वाटू शकते. डॉक्टरी लिखाणात त्याचा अर्थ ‘छातीत दुखत नाही असे रुग्ण सांगतो’ इतकाच असतो. दुकानदाराबद्दल तक्रार असेल तर ‘कम्प्लेन अबाउट’, छातीत दुखण्याची असेल तर ‘कम्प्लेन ऑफ’. ‘निगेटिव्ह’ हा शब्द स्वभावाबद्दल आला तर दोष दाखवतो. तपासणीच्या अहवालात आला तर बहुतेक वेळा जीव भांड्यात पडतो. नेहमीच्या व्याकरणाच्या पुस्तकात हे मिळत नाही. खऱ्या वैद्यकीय मजकुरातल्या पन्नास ओळी एकाखाली एक वाचल्या की दिसू लागते.

हीच अडचण उलट बाजूनेही आहे. शहरात शिकून आलेल्या तरुण डॉक्टरला ‘अंगावरून जातंय’, ‘अंग मोडून आलंय’, ‘जीव घाबरा होतोय’ ही मराठी कळायला हवी. ‘पोटात गोळा आला’ म्हणजे भीती वाटली की खरोखर हाताला काही लागतेय, हे पुढच्या-मागच्या शब्दांवरूनच ठरते. चुकीचा अर्थ घेतला तर तपासणी भलतीकडे जाते.

विद्यार्थी काय म्हणतात

आता विद्यार्थ्यांच्या मताकडे वळू. ह्युनसूक युन आणि अ‍ॅलन हिरवेला यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका विद्यापीठात इंग्रजी लेखन शिकणाऱ्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांना कॉर्पसबद्दल विचारले होते. एकंदर मत अनुकूल होते. लेखनाला फायदा होतो आणि लिहिताना आत्मविश्वास वाढतो, असे विद्यार्थ्यांनी सांगितले. तक्रारीही होत्या. वेळ फार जातो. या विषयावरच्या इतर अभ्यासांतही अशाच तक्रारी येत राहतात: ओळी इतक्या येतात की कोणती पाहावी कळत नाही, वाक्ये अर्धवट तुटलेली असतात, त्यातही अनोळखी शब्द निघतात.

शिकण्यावर प्रत्यक्ष परिणाम किती होतो? अ‍ॅलेक्स बोल्टन आणि टॉम कॉब यांनी २०१७ मध्ये अशा ६४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सरासरी परिणाम चांगलाच मोठा निघाला. हे आकडे शिरूर-दौंडच्या वर्गाला तसेच्या तसे लावता येणार नाहीत. घरात पदवीपर्यंत पहिल्यांदाच पोचलेली, मराठी माध्यमातून आलेली मुले ही त्या अभ्यासांतल्या विद्यार्थ्यांपेक्षा वेगळी आहेत. पण पद्धत निरुपयोगी आहे, असे म्हणण्याची सोय मात्र हे विश्लेषण ठेवत नाही.

शिरूर किंवा दौंडच्या वर्गात पहिल्या तासाला काय ऐकू येईल, हे भाषा शिकवणारा कोणीही सांगेल: ‘सर, बरोबर उत्तर कोणतं तेवढं सांगा ना.’ याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. शाळेपासून अपेक्षित प्रश्नसंचाने या मुलांना एकच धडा दिला आहे: रिकामी जागा एक, शब्द एक, गुण एक. पुराव्याच्या चाळीस ओळी वाचून ‘बहुतेक वेळा असे, कधी कधी तसे’ असे उत्तर काढायला त्यांना कोणी कधी सांगितलेलेच नाही. शिवाय कोणाला दुपारी कामावर जायचे असते, कोणाला गावाची शेवटची एसटी गाठायची असते. ‘तास संपला आणि तीनच शब्द झाले’ ही त्यांची कुरकुर त्यांच्या हिशेबाने खरी आहे.

अशा वेळी आपण दोन चुका करतो. एक, मुलांना आवडले नाही म्हणून प्रयोग गुंडाळून ठेवतो. दुसरी, मुलांना काय कळते म्हणून त्यांचे म्हणणे उडवून लावतो. दोन्हीकडे एक गोष्ट विसरली जाते: नाराजी दोन प्रकारची असते आणि ती निवडून वेगळी करावी लागते.

पहिल्या प्रकारची नाराजी शिकण्याच्या कष्टाची. २०१९ मध्ये लुई डेलॉरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गात एक तुलना केली. एका गटाने सराईत प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकले, दुसऱ्याने तोच भाग गटागटाने प्रश्न सोडवत शिकून घेतला. चाचणीत दुसरा गट पुढे होता. पण आपण किती शिकलो असे विचारल्यावर याच गटाने स्वतःला कमी लेखले. डोक्याला ताण पडला की ‘जमत नाहीये’ असे वाटते. ऐकताना सगळे सरळ वाटले की ‘कळले’ असे वाटते. तालमीत पहिल्या आठवड्यात अंग दुखते म्हणून वस्ताद जोर-बैठका बंद करत नाही. ‘थेट उत्तर मिळत नाही, स्वतः शोधावे लागते’ ही तक्रार या जातीची आहे. तिचे ऐकून घ्यावे, कारण समजावून सांगावे आणि काम चालू ठेवावे.

दुसऱ्या प्रकारची नाराजी आपण घातलेल्या अडथळ्यांची. शोधपेटी इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, ओळी परदेशी वर्तमानपत्रांतल्या, संगणक चार आणि मुले साठ, आणि मोबाइलच्या पडद्यावर ओळ तीन ठिकाणी मोडलेली. या कष्टातून काही शिकायला मिळत नाही. ही तक्रार आली तर शिक्षकाने आणि महाविद्यालयाने मुकाट्याने दुरुस्ती करावी. म्हणून सत्राच्या शेवटी ‘आवडले का?’ असा एक रकाना भरून घेण्यात अर्थ नाही. ‘कुठे अडलात?’ हे विचारायला हवे आणि त्याच्या शेजारी, चार आठवड्यांनी काय आठवते, हे तपासायला हवे.

‘मोबाइल लगेच सांगतो’

आता एक नवे उत्तर तयार असते: एवढे कशाला, मोबाइलवर संवादी यंत्राला विचारले की ते क्षणात सांगते. सांगते हे खरे. गंमत अशी, की ही यंत्रे स्वतः अवाढव्य मजकुरावरच तयार झालेली असतात. बाळाने ठेवला तसा, कोणामागे कोण येते याचा हिशेब त्यांनी फार मोठ्या प्रमाणावर ठेवलेला असतो. पण विद्यार्थ्याच्या हाती येते ते उत्तर. ज्या ओळींवरून ते निघाले त्या ओळी दिसत नाहीत. उत्तर चुकले तर ते ओळखायचे कशाच्या आधाराने? दोन्हींची भांडणे लावण्याचे कारण नाही. यंत्राला विचारा आणि मग ओळी काढून पडताळा. औषधाच्या चिठ्ठीवरचा मजकूर समजून घेणाऱ्याला पडताळ्याची सवय नसेल तर ती उणीव पुढे रुग्णाला भोवते.

हे आपल्याकडचेच आहे

कॉर्पस हे परदेशी खूळ आहे, असे वाटत असेल तर नगर रस्त्याने पुण्यात शिरताना लागणाऱ्या येरवड्याची आठवण करून द्यायला हवी. तिथल्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाशब्दकोशाचे काम चालू आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांनी ते सुरू केले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द, त्यांची वाक्ये आणि संदर्भ वेचून कागदी चिठ्ठ्यांवर उतरवले गेले. त्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. संगणक येण्याआधी हाताने उभा केलेला तो कॉर्पसच. पुढे १९९० च्या दशकात केंद्र सरकारच्या भाषा-तंत्रज्ञान योजनेत मराठी आणि गुजरातीचे संगणकीय संग्रह तयार करण्याचे काम याच संस्थेकडे होते.

इंग्रजीसाठी कोल्हापूरकडे पाहावे. शिवाजी विद्यापीठातल्या एस. व्ही. शास्त्री यांनी सहकाऱ्यांसह १९८६ मध्ये भारतीय इंग्रजीचा ‘कोल्हापूर कॉर्पस’ पूर्ण केला. १९७८ साली छापल्या गेलेल्या भारतीय मजकुराचे ५०० नमुने, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे, असे एकूण दहा लाख शब्द. अमेरिकेतल्या ब्राउन कॉर्पसच्या धर्तीवर तो बेतला होता. आपल्याकडे इंग्रजी कशी लिहिली जाते हे पुराव्याने पाहायची सोय महाराष्ट्रातल्या एका इंग्रजी विभागाने चाळीस वर्षांपूर्वी केली. ‘गेव्ह द एक्झाम’ ही चूक मानायची की भारतीय वळण, असा वाद वर्गात निघाला तर तो सोडवायची रीतही हीच: इथले आणि तिथले मजकूर शेजारी ठेवून मोजायचे.

राहिला शेवटचा आक्षेप: खेड्यातल्या मुलांना हे झेपणार नाही. दौंड तालुक्यातल्याच केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. साध्या बायकांना समजेल अशी मराठी हा त्यांचा आग्रह होता. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापून पुरे झाले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम तिथे आसरा घेतलेल्या स्त्रियांनी केले. त्यांना ते शिकवले गेले, म्हणून जमले.

करायचे काय

सुरुवातीला संगणकही लागत नाही. शिक्षकाने एका शब्दाच्या पंधरा-वीस निवडक ओळी कागदावर छापून आणाव्यात, मधला शब्द ठळक करावा आणि तिघातिघांना एक कागद द्यावा. ओळी निवडलेल्या असल्या की ‘फार येतात’ आणि ‘तुटलेल्या आहेत’ या दोन्ही तक्रारी जागच्या जागी मिटतात. पहिला शब्द मराठीच घ्यावा, ‘पाळी’सारखा. आपण आपल्या भाषेचे जाणकार आहोत हे एकदा अनुभवले की परक्या भाषेच्या ओळींची धास्ती कमी होईल. तीन-चार तासांनंतर इंग्रजी. त्यातही औषधाच्या डब्यातली माहितीपत्रके, कारखान्यातल्या सुरक्षेच्या पाट्या, नोकरीच्या जाहिराती असा, या मुलांना खरोखर वाचावा लागणारा मजकूर.

मग संगणक. जपानमधल्या वासेदा विद्यापीठातले लॉरेन्स अँथनी यांनी तयार केलेले ‘अँटकाँक’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. मराठीसाठी दोन पथ्ये पाळावी लागतात. मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या फायली शोधात सापडत नाहीत. आणि आपल्याकडे शब्द प्रत्यय लागून बदलतो. नुसते ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्याची’ आणि ‘पाण्यात’ निसटतात, म्हणून दोन्ही रूपे शोधावी लागतात. हे शोधताना सामान्यरूपाचा धडा आपोआप होतो.

तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. छापील मजकुराच्या संग्रहात ‘दारं धरायला गेलाय’ सहसा सापडायचे नाही. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाबद्दलचे हे वाक्य शब्दकोशातल्या ‘दार’ आणि ‘धरणे’वरून उलगडत नाही. दुखण्याचे, शेताचे, कारखान्याचे असे शेकडो शब्दप्रयोग या दोन तालुक्यांत रोज बोलले जातात आणि कुठेच नोंदले जात नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्प करावा लागतो. तो प्रकल्प हाच का असू नये? घरातल्या मोठ्या माणसांची परवानगी घेऊन, नाव-गाव न नोंदवता, आजारपणाबद्दल ते जसे बोलतात तशी वाक्ये टिपायची, युनिकोडमध्ये टंकायची, महाविद्यालयाच्या संगणकावर एकत्र करायची. आरोग्य केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरला आणि परिचारिकेला असा संग्रह उपयोगी पडेल. भाषेच्या विभागाला स्वतःचे साहित्य मिळेल. आणि ‘सर, उत्तर सांगा’ म्हणणारा विद्यार्थी, जे सरांनाही ठाऊक नाही ते सांगणारा होईल.

त्यानंतर त्याला कॉर्पसबद्दलचे मत विचारावे. ते अनुकूलच असेल अशी हमी कोणी देऊ नये. पण ते मत काम करून पाहिलेल्या माणसाचे असेल, आणि त्यावरून पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम बदलायला हरकत नसावी.